वाद, जल्प, वितंडा आणि एआयचा ऊस
(द्वितीय वर्ष कला)

तर्कशास्त्राच्या तासाला न्यायदर्शनातील सोळा पदार्थ शिकताना वाद, जल्प आणि वितंडा ही तीन नावे एका ओळीने येतात. सत्य समजावे म्हणून दोन्ही बाजूंनी प्रमाणे देऊन केलेली चर्चा तो वाद. जिंकण्याच्या ईर्ष्येने केलेली, जीत शब्दच्छलही चालतो, तो जल्प. आणि स्वतःचा पक्षच न मांडता दुसऱ्याचे तेवढे खोडत बसणे ती वितंडा. हा भाग परीक्षेपुरता पाठ करून विसरण्यासारखा नाही, हे मला आमच्या बारामती-इंदापूरकडे उसावरून झालेल्या एका चर्चेने पटवले.

फेब्रुवारी 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्य नडेला यांनी बारामतीच्या ऊस उत्पादकांविषयीची एक चित्रफीत ‘एक्स’वर प्रसिद्ध केली. बारामतीचा अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट, मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधक यांनी मिळून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने ऊस पिकवण्याचा प्रयोग चालवला होता, त्याची ती हकिगत. तिच्यावर इलॉन मस्क यांनी, ही बुद्धिमत्ता सगळ्यांतच सुधारणा करील, अशा अर्थाचे एक वाक्य लिहिले. झाले! चित्रफीत आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात येऊन पोहोचली आणि ‘सुप्रभात’च्या फुलांची जागा भांडणाने घेतली.

प्रयोग थोडक्यात असा : शेतात ओलावा वगैरे मोजणारे सेन्सर पुरतात, हवामानाच्या नोंदी घेणारे छोटे केंद्र असते, उपग्रहाची छायाचित्रे मिळतात. ही सारी माहिती संगणक ताडून पाहतो आणि पाणी कधी, किती द्यावे, खत कोणते द्यावे, याचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतो.

आता चर्चेकडे पाहू. वात्स्यायनाच्या भाष्यात छलाचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. एकजण म्हणतो, हा मुलगा ‘नवकंबल’ आहे, म्हणजे याच्याकडे नवी घोंगडी आहे. दुसरा म्हणतो, छे, नऊ घोंगड्या कुठे आहेत? एकच तर दिसते! ‘नव’ शब्दाचे जे झाले तेच ‘एआय’चे झाले. कोणी त्याचा अर्थ सेन्सर घेत होता, कोणी चॅटजीपीटी, तर कोणी नोकऱ्या खाणारे यंत्र. एकाने ठासून लिहिले की एआय खोटे बोलते, मी स्वतः विचारून पाहिले आहे. त्याने विचारले होते चॅटजीपीटीला आणि चर्चा चालली होती मातीत पुरलेल्या सेन्सरची!

उत्पादन 40 टक्के वाढते, हा आकडा सर्वत्र फिरला. कशाच्या तुलनेत, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही. आमच्या शिवारात कोणी एकरी 35 टन काढतो, तर कसलेला शेतकरी त्याच्या दुपटीच्याही पुढे जातो. 35 टनांत 40 टक्के वाढ झाली तर 49 टन होतात. म्हणजे त्या कसलेल्या शेतकऱ्याच्या आजच्या उसापेक्षा कमीच. शिवाय पाटाने भिजणारा ऊस नुसता ठिबकवर आणला तरी पाणी वाचते. मग फायद्यात ठिबकचा वाटा किती आणि सल्ल्याचा किती? खरा वाद येथे व्हायला हवा होता.

झाले ते निराळेच. न्यायशास्त्रात 22 निग्रहस्थाने, म्हणजे हरण्याच्या जागा, सांगितल्या आहेत. त्यांतील एक ‘अर्थांतर’, म्हणजे चालू विषय सोडून भलतेच बोलणे. ट्रस्ट पवार कुटुंबाशी निगडित असल्यामुळे अर्ध्या लोकांचा निकाल चित्रफीत उघडण्यापूर्वीच लागला होता. एका गटाला ती खरीच असायला हवी होती, दुसऱ्याला खोटीच. तिथून गाडी उसाच्या दराकडे वळली, कारखान्याच्या निवडणुकीकडे गेली, आणि ओलावा जागच्या जागी राहिला. वितंडा करणारेही होते. ‘सगळे थोतांड’ एवढेच त्यांचे म्हणणे. मग पाणी वाचवायला तुम्ही काय सुचवता, असे विचारले तर हसरा चेहरा येई. बाकीच्यांनी अंगठे उठवले. आमच्या आजोबांच्या पिढीने सोसायटीच्या कागदांवर न वाचता अंगठे उठवले. त्यांना वाचता येत नव्हते.

पूर्वीचे वाद सौम्य होते, असे मी म्हणणार नाही. आगरकरांनी 1888 मध्ये ‘सुधारक’ काढल्यावर ‘केसरी’शी जे खटके उडाले, त्यांतील भाषा चांगलीच झणझणीत होती. परंतु पत्र साप्ताहिक असल्याने उत्तराला आठवडा लागे, आणि उत्तर लिहायचे तर समोरच्याचा लेख वाचावा लागे. आमच्या गटातील चर्चा दोन दिवसांत संपली. आडसाली ऊस तुटायला 16 ते 18 महिने लागतात.

या चर्चेत अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, एक प्रश्न होता. अण्णा चौथी शिकलेले. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच, म्हणून ‘नोंदणी करायची का रं?’ हे मलाच विचारले जाते. पैसे भरायचे असल्याने प्रश्न गमतीचा नव्हता. आमची जमीन इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या टेलला. अण्णांनी गटात बोलून संदेश पाठवला होता : ‘यंत्रानं सांगितलं आज पाणी द्या, अन् पाटाची पाळी महिन्यानं, तर काय करायचं?’ त्याला एकही उत्तर आले नाही. मला वाटते, हा प्रश्न कोणत्याच बाजूच्या उपयोगाचा नव्हता. तो ना प्रयोगाला खोटे ठरवत होता, ना खरे. ज्याच्याकडे विहीर, बोअर किंवा शेततळे आहे त्यालाच सल्ला वेळेवर पाळता येईल, एवढेच तो दाखवत होता. आणि माझ्या मते त्या दोन दिवसांतील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा तोच होता.

शेजारच्या चुलत्यांकडे शेततळे आणि ठिबक आहे. त्यांनी नोंदणी केली, आम्ही केली नाही. दोघांची आडसाली लागण एकाच आठवड्यातली, बेणे एकच, को 86032, मध्ये फक्त बांध. दोन्ही फडांच्या पाण्याच्या पाळ्या आणि खताच्या गोण्या मी एकाच वहीत लिहितो आहे. ऊस तुटला की काट्याच्या पावत्या तिला डकवायच्या आहेत. ठिबक त्यांच्याकडे आहे, आमच्याकडे नाही, हे पहिल्याच पानावर लिहून ठेवले आहे.