परतीचा रस्ता आधी आखा

कोथरूड, पुणे

चि. बाळ,

नवी थार घेतलीस आणि डिसेंबरात मित्रांच्या गाड्यांसोबत वेल्ह्याच्या डोंगरात जाणार आहेस, हे ताईकडून, म्हणजे तुझ्या आईकडून, कळलं. मामाला आनंदच झाला. तू पाठवलेला बेतही वाचला: नसरापूर, वेल्हे, केळद, मढे घाटाचा माथा आणि मग खिंडीतून कर्णवडीमार्गे भोर-महाड रस्ता. वाट सुरेख निवडली आहेस. तानाजी मालुसऱ्यांचा देह सिंहगडाहून उमरठला याच मढे घाटाने नेला, असं त्या भागात सांगतात. पण तुझ्या बेतात जाण्याचं सगळं आहे, परतण्याचं काहीच नाही. कुठून माघारी फिरायचं, किती वाजता फिरायचं आणि कोणाला विचारून आत शिरायचं, हे आधी ठरायला हवं.

जुने जीपवाले जमेल तिथवर टू-व्हील ड्राइव्हवरच जात. फोर बाय फोर राखून ठेवत, अडकल्यावर बाहेर पडायला. आता गाडी सुरुवातीलाच लो रेंजमध्ये घालून चिखलात रेटायची पद्धत पडली आहे. मग ती रुतते तेव्हा हाताशी दुसरं काही उरलेलं नसतं. डोंगरातल्या गाडीवाटेवर ताशी आठ-दहा किलोमीटरही पुष्कळ झाले. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि दरीत अंधार त्याआधीच उतरतो. म्हणून दुपारी दोनची वेळ कागदावर लिहून ठेवा. दोन वाजता जिथे असाल तिथून फिरायचं, खिंड समोर दिसत असली तरी. त्याआधीच फिरायचं का, हे तुमच्यातल्या सर्वांत नवख्या चालकाकडे बघून ठरवायचं.

परवानगीचा भाग कंटाळवाणा वाटेल, तरी नीट वाच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं २७वं कलम अभयारण्यातल्या प्रवेशावर बंधन घालतं. अभयारण्यातून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्यावरून प्रवास करायला मोकळीक आहे. चाक त्या रस्त्यावरून खाली उतरलं की २८व्या कलमाखालचा परवाना लागतो. पुणेकरांच्या आवडीचं भीमाशंकर १९८५ पासून अभयारण्य आहे, ताम्हिणी २०१३ पासून. अभयारण्य नसलं म्हणून रान मोकळं होत नाही. राखीव वनात विनापरवाना घुसणं हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे. तेव्हा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात नकाशा घेऊन जा आणि कोणती वाट वनखात्याची, कोणती गावाची, हे त्यांच्याकडून समजून घे. गावाच्या वाटेसाठी पोलीस पाटलांना भेट. अमुक ओढ्यावरची फरशी यंदा वाहून गेली, तमुक वळणावर दरड आली, हे मोबाइलच्या नकाशाला कळत नाही, त्यांना कळतं. भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलदर्शक नकाशाही सोबत ठेव. त्यातल्या समोच्च रेषा जिथे एकमेकींना चिकटतात तिथे उतार खडा आहे, हे घरी बसून दिसतं.

डिसेंबर निवडलास हे योग्य केलंस. पावसाळ्यात या घाटांवर काय कोसळतं त्याचा अंदाज शहरात येत नाही. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीला एका दिवसात ५५६ मिलिमीटर पाऊस पडला. तुझ्या थारची पाण्यात उतरायची मर्यादा ६५० मिलिमीटर आणि ग्राउंड क्लिअरन्स २२६. आकडे खरे आहेत, पण वाहत्या पाण्याला त्यांच्याशी देणंघेणं नाही. गुडघाभर पाण्याचा जोरही जड गाडी बाजूला सरकवतो. ओढ्यात थोडंच पाणी असलं तरी आधी काठी घेऊन पायी पलीकडे जायचं. पायाखाली कातळ आहे की वाळू, शेवाळ किती, समोरच्या काठावर चढायला वाट आहे का, हे बघायचं. जिथून चालत जाता येत नाही तिथे गाडी घालायची नाही.

हिवाळ्याचा धोका वेगळा, आणि त्याबद्दल फार कमी लोक बोलतात. दिवाळीनंतर उतारावरचं गवत कमरेएवढं वाढून वाळलेलं असतं. गाडी त्यातून गेली की काड्या खाली एक्झॉस्टभोवती अडकतात. तो भाग एवढा तापलेला असतो की वाळलेलं गवत पेट घेऊ शकतं. एक ठिणगी पडली तर अख्खा उतार जळतो. वाळक्या गवतात गाडी उभी करू नका आणि थांबाल तिथे वाकून खालचं गवत काढा. अग्निशामक नळकांडं चालकाच्या हाताला लागेल असं बसवून घ्या.

टायरची हवा काढायची तर कंप्रेसर बरोबर असलाच पाहिजे, कारण कमी हवेवर डांबरी रस्त्याने पुण्याला येणं धोक्याचं आहे. उतारावर लो रेंजचा पहिला गिअर घालून इंजिनाच्या जोरावर उतरायचं, सारखा ब्रेक दाबायचा नाही. रुतलेली गाडी ओढताना दोर फक्त चॅसीला पक्क्या बसवलेल्या हुकालाच लावा आणि दोराच्या मध्यावर जाड घोंगडी किंवा ओलं पोतं टाका. ताणलेला दोर तुटला तर चाबकासारखा उसळतो, पोत्याच्या वजनाने तो खाली पडतो. बाकीच्यांनी दोराच्या लांबीपेक्षा जास्त अंतरावर उभं राहायचं. हे सगळं शिकायला महिंद्राचं इगतपुरीला प्रशिक्षण केंद्र आहे. खिंडीत जाण्याआधी तिथे हात साफ करून घे.

आता मामाच्या सर्वांत जिव्हाळ्याची गोष्ट. सडा, म्हणजे कातळाचं पठार, उघडाबोडका दिसतो म्हणून त्यावर गाड्या गोल फिरवणारे कमी नाहीत. कातळावरची माती जेमतेम बोटभर जाडीची असते. पावसाळ्यात त्याच मातीत कीटकभक्षी सीतेची आसवं उगवतात, डबक्यांत बेडूक वाढतात. कासचं पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत गेलं ते असल्याच मातीतल्या जीवसृष्टीमुळे. टायर फिरला की ती उखडते आणि पुढच्या पावसात धुपून जाते. म्हणून जुनी चाकोरी सोडू नका, नवी पाडू नका. मुळशी-वेल्हे-भोर पट्ट्यात देवराया आहेत. पुण्याच्या वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात त्यांचा अभ्यास करून त्या जगासमोर आणल्या. देवराईच्या बाहेर गाडी ठेवायची, आत पायी जायचं आणि गाणी बंद.

नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याहून कोकणात निघालेल्या सहा तरुणांची थार ताम्हिणी घाटात दरीत कोसळली. घरच्यांचा संपर्क तुटला आणि गाडीचा ठावठिकाणा दोन दिवसांनी ड्रोनने लागला. तीही मुलं तुझ्याच वयाची. तेव्हा मार्ग, गाड्यांचे क्रमांक, कोण कोणत्या गाडीत आणि परतायची वेळ असा कागद ताईकडे ठेव. वेल्ह्याला पोचल्यावर एक फोन, रेंज जाण्याआधी दुसरा. ठरल्या वेळेनंतर दोन तासांत निरोप आला नाही तर तिने ११२ ला कळवायचं, हे तिच्याशी बोलून ठेव. डोंगरात अडचण आली तर पोलिसांच्या जोडीला लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखी बचाव पथकं धावून येतात, पण त्यांना आधी शोधायची दिशा कळावी लागते.

हा कागद आणि वनखात्याची परवानगी हाती आली की रविवारी सकाळी गाडी घेऊन इकडे ये. हुक, दोर आणि टायर एकदा मिळून बघू. कर्णवडीची वाट मोकळी आहे का, तेही गावात फोन करून विचारून ये.

तुझा,
मामा