घोड्याचा दाणा व विश्रांति

आपल्या कोल्हापूर भागांत बैलाची निगा प्रत्येक शेतकरी जाणतो; परंतु यात्रेंतील शर्यतीकरितां घोडा बाळगणारांस त्याच्या अंगच्या शक्तीचें ज्ञान क्वचितच असतें. म्हणून डोळ्यांदेखत घडलेली एक गोष्ट सांगतों.

गेल्या दिवाळींत एका बागायतदारानें आपली घोडी तीन दिवस ठाणावर बांधून ठेविली व हौसेनें रोजचा हरभरा पुरा चारला. चौथे दिवशीं सकाळीं गाडीस जुंपून एकदम दौडविली. अर्ध्या मैलावर ती थबकली. घाम सुटला, पुठ्ठे दगडासारखे ताठले. पोटशूळ समजून लोकांनीं तिला चालवीत घरीं आणिलें. सायंकाळीं मूत्र काळसर तांबडें झालें व तिसरे दिवशीं घोडी गेली.

हा पोटशूळ नव्हे. युरोपांत ओझ्याचे घोडे रविवारची सुटी व पुरा दाणा मिळाल्यावर सोमवारीं असेच आखडत; म्हणून त्यास 'सोमवारचा रोग' हें नांव पडलें.

घोड्याच्या स्नायूंत ग्लायकोजन नांवाची साखर सांठविलेली असते. संथ चालींत बहुतेक चरबी जळते. भरधाव दौडींत ही साखर झपाट्यानें खर्च होते, व ती भरून येण्यास दोन-तीन दिवस लागतात. याकरितां लागोपाठ शर्यती धरूं नयेत. उलट, काम बंद असतां पुरा दाणा देऊन एकदम जोर करविल्यास स्नायु फुटण्याचा धोका असतो. त्यांतील तांबडें द्रव्य रक्तांत उतरून मूत्रपिंडें निकामी करितें. शाहू महाराजांनीं १९१२ सालीं बांधविलेल्या खासबाग मैदानांत उतरणारा मल्लहि आधीं अंग गरम करितो, हें ध्यानांत घ्यावें.

नियम सोपे आहेत:

१. सुटीचे दिवशीं दाणा निम्म्याहून कमी करावा. गवत व पाणी पुरें द्यावें आणि थोडें फिरवावें.

२. दौडीपूर्वीं दहा-पंधरा मिनिटें संथ चालवावें.

३. जबड्याखालीं नाडी मोजावी. विश्रांतींत ती मिनिटास २८ ते ४४ असते. दौडीनंतर वीस मिनिटांत ६४ च्या खालीं न आल्यास काम झेपलें नाहीं असें समजावें.

४. घोडा आखडल्यास एक पाऊलहि चालवूं नये. जागींच उभा करून, झूल घालून, पाणी ठेवून पशुवैद्यास बोलवावें.

त्या घोडीस त्या सकाळीं कोणी चालविलें नसतें, तर कदाचित् ती वांचली असती.