अकरा महिन्यांचा करार आणि नोंदणी

प्रश्न : मुलगी कराडच्या विद्यानगरमध्ये एका खोलीचा फ्लॅट भाड्याने घेत आहे. करार अकरा महिन्यांचाच असल्याने नोटरी पुरेशी आहे, असे घरमालक म्हणतात. ते बरोबर आहे का? – एक पालक, पाटण

उत्तर : हा समज सर्वत्र रूढ असला, तरी महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार, तसेच ‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणजे मालकी वा कूळहक्क न देता केवळ राहण्याची परवानगी देणारा करार, मुदत कितीही असली तरी लेखी व नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असून कसुरीबद्दल तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. नोंदणी नसल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत राहणाऱ्याचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते, हे घरमालकांच्या सहसा ध्यानी येत नाही.

त्यामुळे मुलीला काळजीचे कारण नाही; तरीही नोंदणी करून घ्यावी. नोंदणी दुय्यम निबंधक कार्यालयात किंवा आधारच्या साहाय्याने ऑनलाइन करता येते. अनामत परत करण्याची मुदत, सोडण्याची पूर्वसूचना आणि वीजबिल कोणी भरायचे हे करारातच लिहून घ्यावे, अनामत बँकेमार्फतच द्यावी आणि ताबा घेताना मीटरचे रीडिंग व भिंतींवरील ओल यांची छायाचित्रे काढावीत. मात्र मुदत संपूनही जागा न सोडल्यास कलम २४ प्रमाणे दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. म्हणून नूतनीकरणाचा करार मुदतीपूर्वीच करून घ्यावा.