पिझ्झाचे बिल आणि कार्डाचे विवरण

चेन्नईच्या साहुकारपेठेत सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडची बरीच गलाई कारागीर कुटुंबे राहतात. सोने-चांदी गाळण्याचे काम, उत्पन्न कधी बरे, कधी बेताचे. त्यांतील एक खातेदार मुलीच्या दहावीच्या निकालानंतर सगळ्यांना घेऊन नुंगमबाक्कमच्या एका इटालियन हॉटेलात गेले. महागडे ठिकाण नव्हे. कॉलेजची मुले जातात तसलेच. दोन पिझ्झे, एक पास्ता, गार्लिक ब्रेड आणि सरबते. मेनूकार्डावरच्या किमतींची बेरीज 1,800 रुपये झाली, बिल मात्र 2,079 रुपयांचे आले. दुसऱ्या दिवशी ते बिल घेऊन ते माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, हे वरचे 279 कशाचे?"

आपणही आपले एखादे बिल हाताशी घ्या. त्यांच्या बिलात आधी 10 टक्के सेवा शुल्क होते, म्हणजे 180 रुपये. मग 1,980 रुपयांवर 5 टक्के जीएसटी, म्हणजे 99 रुपये. हा कर अडीच टक्के केंद्राचा आणि अडीच टक्के राज्याचा असा दोन ओळींत छापतात, म्हणून दोनदा घेतल्यासारखा वाटतो. तो द्यावाच लागतो. (हॉटेलने कंपोझिशन योजना घेतली असेल, तर मात्र ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही. तसे बिलावर लिहिलेले असते.)

सेवा शुल्काची गोष्ट वेगळी. तो सरकारी कर नाही, पैसे हॉटेलकडेच जातात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या, की हे शुल्क आपोआप बिलात घालू नये, दुसऱ्या नावानेही घेऊ नये. मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना कायम ठेवल्या. इटलीत बसण्याचे आणि पावाचे म्हणून 'कोपेर्तो' नावाची रक्कम बिलात लावायची जुनी पद्धत आहे, पण आपल्याकडे पिझ्झ्याबरोबर ती आलेली नाही! शुल्क काढायला सांगा. न ऐकल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. वाढणाऱ्या मुलाला खुशीने वीस-पन्नास रुपये द्यायचे असतील, तर ते त्याच्या हातात द्या.

शुल्क काढले असते तर बिल 1,890 झाले असते. म्हणजे 189 रुपये वाचले असते. इथपर्यंत गोष्ट साधी होती. मी सहज विचारले, "पैसे कसे दिलेत?" ते म्हणाले, "कार्डाने. 'किमान देय' दर महिन्याला न चुकता भरतो."

कार्डाचे विवरण पाहिले. थकबाकी 18,000 रुपये. किमान देय 5 टक्के, म्हणजे 900. व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे 630. त्यावर 18 टक्के जीएसटी सुमारे 113. भरलेल्या 900 मधून मूळ रकमेत जेमतेम 157 रुपये गेले. शिवाय जुनी बाकी पूर्ण फेडलेली नसली, की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. त्या रात्रीच्या पिझ्झ्यावर त्याच दिवसापासून व्याज सुरू झाले होते.

आणि याच गृहस्थांच्या बचत खात्यात 27,000 रुपये पडून होते. वर्षाला अडीच-तीन टक्के मिळवत. कार्डावर वर्षाला 42 टक्के जात होते. पैसे दोन खिशांत असले, की एका खिशातली गळती दुसऱ्याला कळत नाही. हे मी चांगल्या शिकलेल्या माणसांतही पाहते.

"पण ते पैसे गावाकडच्या अडीअडचणीसाठी ठेवलेत," ते म्हणाले. हरकत रास्त होती. आईचे वय झालेले, कधी निघावे लागेल सांगता येत नाही. आम्ही हिशेब असा मांडला: 18,000 भरून कार्ड कोरे करायचे, 9,000 खात्यात ठेवायचे. प्रवासाला, पहिल्या औषधपाण्याला तेवढे पुरतात. आजपर्यंत कार्डाला जाणारे 900 रुपये पुढल्या महिन्यापासून आवर्ती ठेवीत टाकायचे. 20 महिन्यांत ते 18,000 पुन्हा उभे राहतात, वर थोडे व्याज. मध्येच मोठी गरज पडली तर ठेव मोडता येते. व्याज थोडे कमी मिळते, एवढेच. कार्ड बंद करायला मी सांगितले नाही. विवरण आल्यावर 'एकूण देय' भरायचे आणि बचत खात्यातून ते आपोआप वळते होईल अशी सूचना लिहून द्यायची, एवढेच सांगितले. तो अर्ज त्यांनी तिथेच भरला.

दिवाळीनंतर ते पासबुक भरायला आले होते. मुलीच्या वाढदिवसाला सगळे पुन्हा त्याच हॉटेलात जाऊन आले होते. सेवा शुल्काची ओळ मुलीनेच वेटरला दाखवली, आणि त्याने काही न बोलता दुसरे बिल काढून आणले.