उतारावर बंद इंजिन : स्वयंचलित गिअरच्या मोटारीस धोका

बडोदे शहर सपाट प्रदेशात वसलेले असल्याने तेथील मोटारचालकांस घाटाचा सराव सहसा कमी असतो. मात्र सुमारे ५० किलोमीटरवरील पावागडच्या माचीवरून उतरताना, किंवा नाशिककडे जाता-येता सापुताऱ्याचा घाट ओलांडताना, इंधन वाचावे म्हणून इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडून देण्याचा मोह काहींना होतो. ही सवय सर्वच वाहनांस घातक आहे. स्वयंचलित गिअरच्या मोटारीत तर ती दुहेरी हानी करते.

ब्रेक व स्टिअरिंग : बहुतेक मोटारींत ब्रेकला साहाय्य करणारी निर्वात शक्ती इंजिनामुळे निर्माण होते. इंजिन थांबल्यावर उरलेला साठा दोन-तीन वेळा ब्रेक दाबताच संपतो. नंतर पेडल अत्यंत कठीण होते व गाडी थांबविण्यास कितीतरी अधिक जोर लागतो. स्टिअरिंगही जड होते. किल्ली काढली गेल्यास अनेक गाड्यांत त्यास कुलूप बसते. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यात नवले पुलाजवळील उतारावर एका अवजड वाहनाने अनेक वाहनांस धडक दिली. चालकाने इंधन वाचविण्यासाठी इंजिन बंद केले होते, असे पोलिसांच्या प्राथमिक तपासात आढळले. अवजड वाहनांची ब्रेक-रचना निराळी असली, तरी तीस लागणारा हवेचा दाबही इंजिनाच्या बळावरच टिकतो.

गिअरपेटी : स्वयंचलित गिअरपेटीत तेल खेळविणारा पंप सामान्यतः इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना चाके फिरत राहतात व त्यांच्यासवे पेटीतील काही भागही फिरतात. परंतु त्यांना पुरेसे वंगण मिळत नाही. ते तापतात, झिजतात व दुरुस्तीचा मोठा खर्च ओढवतो. अशी मोटार चालती चाके जमिनीवर ठेवून दूरवर ओढून नेऊ नये, असे सांगतात ते याच कारणाने. भारतात २०१४ पासून रूढ झालेल्या एएमटी गाड्यांची गिअरपेटी मूलतः साध्या बनावटीची असल्याने तिला हा धोका कमी असतो. ब्रेकचा धोका मात्र तेवढाच राहतो.

बचतीचा भ्रम : कार्बोरेटरच्या काळात या सवयीने थोडे इंधन वाचत असे. आधुनिक इंजेक्शन पद्धतीच्या इंजिनात, गाडी गिअरमध्ये असता ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर इंधनपुरवठा बहुधा आपोआप बंद होतो. शिवाय इंजिन स्वतःच वेग आवरते. सिग्नलवर थांबलेल्या गाडीचे इंजिन बंद करणे ही खरी बचत होय. धावत्या गाडीचे बंद करणे नव्हे.

चालकांनी घ्यावयाची दक्षता :

१. उतारावर इंजिन चालू ठेवावे. ‘एन’ स्थिती टाळावी. तीव्र उतारावर ‘एल’, ‘२’ किंवा उपलब्ध असलेला खालचा गिअर वापरावा.

२. ब्रेकवर सतत पाय ठेवू नये. वेग वाढताच ब्रेक जोराने दाबून वेग कमी करावा व पाय काढावा.

३. चालत्या गाडीचे इंजिन अचानक बंद पडल्यास किल्ली काढू नये. ब्रेक वारंवार न दाबता एकदाच जोराने दाबून धरावा, स्टिअरिंग घट्ट धरून गाडी कडेला घ्यावी. वेग आवरत नसल्यास हातब्रेक हळूहळू ओढावा. गाडी पूर्ण थांबल्यावरच ‘पी’ लावावे.

हायब्रिड किंवा आपोआप बंद-चालू होणाऱ्या इंजिनाच्या गाड्यांत निर्मात्याने वेगळी योजना केलेली असते. तेथे इंजिनाचे थांबणे यंत्रणेवर सोपवावे; चालकाने किल्लीस हात लावू नये.