सरासरीत मागे, संघात पुढे : तुकड्या जुळवण्याचं गणित

तीन मित्र आहेत, सांघिक स्पर्धा महिन्यावर आली आहे, आणि प्रत्येकानं आपापली सगळ्यात भारी तुकडी आणायची असं ठरलं आहे. ऐकायला हे अगदी रास्त वाटतं. पण असा संघ सहज हरू शकतो, आणि त्याचं कारण फाशांत नसून जोड्या लावण्याच्या पद्धतीत असतं. या लेखात ते कारण आपण आकडे मांडून पाहणार आहोत. बेरीज-वजाबाकी येत असली की पुरे.

उदाहरणासाठी ‘एक्स-विंग’ हा खेळ घेऊ. ‘स्टार वॉर्स’मधल्या लढाऊ यानांच्या छोट्या प्रतिकृती, तीन फूट बाय तीन फुटांचं मैदान आणि आठ बाजूंचे फासे. फँटसी फ्लाइट गेम्सनं तो २०१२ साली बाजारात आणला. २०२४ मध्ये प्रकाशकांनी नवीन काही काढणं थांबवत असल्याचं जाहीर केलं, पण खेळणारे थांबलेले नाहीत. पहिल्या आवृत्तीत १०० पॉइंटांचं बजेट असे. प्रत्येक वैमानिकाची किंमत ठरलेली. साधा ‘अकॅडमी पायलट’ १२ पॉइंटांना, म्हणजे ९६ पॉइंटांत आठ टाय फायटर यानांचा थवा उभा राहतो. याउलट सूंटिर फेलसारखा नामांकित वैमानिक एकटाच २७ पॉइंट खातो. अशा नामांकितांच्या नावाआधी एक ठिपका असतो. ठिपकेवालं कार्ड एका तुकडीत एकदाच घेता येतं. सांघिक स्पर्धेत आयोजक हाच नियम पूर्ण संघाला लावू शकतात. आपणही तो लावलेला आहे असं धरू. या ठिपक्याकडे नंतर परत यायचं आहे.

आधी फासे. कुठल्याच तुकडीची ताकद एका आकड्यात का मावत नाही, ते त्यातून कळतं. हल्ल्याच्या लाल फाशाच्या आठपैकी चार बाजू मारा देतात आणि दोन बाजूंवर डोळ्याचं चिन्ह असतं. तुमच्याकडे फोकसची सोंगटी असेल तर डोळेही मारा म्हणून धरता येतात, म्हणजे आठात सहा. बचावाच्या हिरव्या फाशाच्या तीन बाजू चकवा देतात आणि दोन डोळ्यांच्या. फोकस असेल तर आठात पाच. टाय फायटर दोन लाल फासे टाकतो. समोर तीन हिरवे फासे आणि फोकस असलेला टाय इंटरसेप्टर आहे. सरासरी मारा १.५, सरासरी चकवे १.८७५. सरासऱ्यांची वजाबाकी केली तर नुकसान शून्याच्याही खाली जातं! अर्थात उणे नुकसान असं काही नसतं. सगळ्या शक्यता मोजल्या तर एका हल्ल्यामागे सरासरी ०.२३ नुकसान येतं. आता हल्लेखोराला तिसरा लाल फासा द्या: ०.६४. एका फाशानं जवळजवळ पावणेतीन पट!

गंमत पुढे आहे. बचाव करणाऱ्यानं फोकसची सोंगटी पहिल्याच हल्ल्यात खर्च केली, तर त्याच फेरीत दोन फाशांचा पुढचा हल्ला ०.२३ ऐवजी ०.६१ नुकसान करतो. म्हणजे इंटरसेप्टर एखाद-दोन टायच्याच माऱ्यात सापडला तर तो निर्धास्त, पण सहा जणांच्या तावडीत सापडला तर हिशेब ०.२३ अधिक पाच वेळा ०.६१, म्हणजे ३.३ च्या घरात जातो. त्याचा सांगाडा ३ चा. थोडक्यात, ‘थवा भारी की नामांकित भारी?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. प्रत्येक तुकडीला काही समोरचे मानवतात आणि एखादा असा भेटतो की काहीच चालत नाही. त्या एखाद्याला आपण ‘उतारा’ म्हणू.

आता जोड्या. बुद्धिबळाच्या ऑलिंपियाडमध्ये पटांचा क्रम आधीच जाहीर करावा लागतो आणि तो बदलता येत नाही. २०२४ साली बुडापेस्टला भारतानं दोन्ही सुवर्णपदकं जिंकली (नाशिकचा विदित गुजराथी आणि नागपूरची दिव्या देशमुख त्या संघांत होते), तिथेही समोर कोण येणार यावर डावपेच होते ते मुख्यतः कोणाला विश्रांती द्यायची एवढ्यापुरते. छोट्या प्रतिकृतींच्या खेळात, विशेषतः वॉरहॅमरच्या मोठ्या सांघिक स्पर्धांत, वेगळी पद्धत रुळली आहे. ती तीन जणांच्या संघाला चपखल बसते. दोन्ही संघ एकमेकांच्या तुकड्या पाहतात. मग प्रत्येक संघ आपली एक तुकडी झाकून पुढे करतो आणि दोन्ही एकदम उघडतात. तुमच्या पुढे केलेल्या तुकडीसमोर प्रतिस्पर्ध्याच्या उरलेल्या दोघी येतात, आणि त्यांतली कोणाशी लढायचं ते तुम्ही निवडता. तेही तसंच करतात. नाकारलेल्या दोघी आपसात लढतात.

समजा, प्रत्येक लढतीत २० गुण वाटले जातात. १०-१० म्हणजे बरोबरी. प्रतिस्पर्ध्याच्या तुकड्या क, ख आणि ग. तुमच्या तिन्ही तुकड्या सगळ्यांसमोर सरासरी १० गुण मिळवतात. मग जोड्या कशाही लावा, बेरीज ३०. सुरक्षित आणि कंटाळवाणं.

आता एक तुकडी बदला. नवी तुकडी क समोर फक्त ३ गुण मिळवते, पण ख आणि ग समोर १३-१३. तिची सरासरी १० पेक्षा कमी झाली. वैयक्तिक स्पर्धेत ती नेऊ नये. इथे मात्र तिलाच पुढे करा. तिच्यासमोर दोन तुकड्या येणार आणि त्यांत क जास्तीत जास्त एक. तिला नाकारा, दुसरी घ्या. १३ नक्की, उरलेल्या दोन लढतींचे १०-१०. बेरीज ३३, आणि प्रतिस्पर्ध्यानं काहीही केलं तरी ३३!

उलट प्रकारची तुकडी घ्या: क समोर तब्बल २०, ख आणि ग समोर ५-५. सरासरी बरोबर १०, आणि सरावाच्या रात्री सगळ्यांना हीच आवडते, कारण क्लबमधल्या कोणाला तरी तिनं धुऊन काढलेलं असतं. प्रतिस्पर्धी काय करेल? क लाच पुढे करेल. तुमची शूर तुकडी तुम्ही पुढे केली असेल तर तिला ख किंवा ग, म्हणजे ५. मागे ठेवली असेल तर क तिला नाकारेल आणि ती उरलेलीशी लढेल, पुन्हा ५. एकूण २५. तुमच्या २० गुणांची लढत कधी होणारच नाही.

म्हणजे एकट्यासाठी सरासरी महत्त्वाची. पुढे करायच्या तुकडीसाठी मात्र वाईटातली दुसरी लढत महत्त्वाची. सर्वांत वाईट लढत टाळता येते, दुसरी नाही.

मग सगळ्याच तुकड्या ‘एक उतारा’वाल्या का घेऊ नयेत? इथे मला स्वतःला गणित करून पाहावं लागलं. दोन तुकड्या अशा घ्या: एकीचा उतारा क, दुसरीचा ख (उताऱ्यासमोर ३, इतरांसमोर १३), आणि तिसरी सपाट १० ची. पहिली पुढे केली आणि प्रतिस्पर्ध्यानं क पुढे केली, तर तुम्हाला ३६. त्यानं ख पुढे केली तर ती तुमच्या दुसऱ्या तुकडीला निवडते आणि तुम्ही २६ वर येता. दुसरी पुढे केली तर नेमकं उलटं. त्यामुळे ठरावीक चाल कोणतीच चालत नाही. नाणं उडवून दोघींतली एक पुढे करायची, आणि सरासरी ३१ मिळते. जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ साली सिद्ध केलेल्या प्रमेयाचा हा अगदी लहानसा नमुना: दोघांच्या अशा खेळात, जिथे एकाचा फायदा तोच दुसऱ्याचा तोटा, तिथे चाली काही ठरावीक प्रमाणात मिसळल्या की दोघांनाही आपापली हमी मिळते. पण ३१ म्हणजे ३३ पेक्षा कमीच, कारण पुढे एकीलाच करता येतं.

आणि दोघींचा उतारा एकच, म्हणजे क, असेल तर? प्रतिस्पर्धी क पुढे करतो, दोघींतली एक त्याच्या हाती हमखास लागते, आणि बेरीज २६. ज्यांचं काम रोगजंतूंशी आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. क्षयरोगावर एकाच वेळी अनेक औषधं देतात ती याचसाठी की एकातून सुटलेला जंतू दुसऱ्यात सापडावा. एकाच बदलानं निकामी होणारी दोन औषधं दिली तर तो हेतूच राहत नाही.

आता तो ठिपका. वरचं सगळं गणित एका गृहीतकावर उभं आहे: प्रतिस्पर्ध्याकडे तुमचा उतारा एकच आहे. त्यानं तसल्या दोन तुकड्या आणल्या की तुमची १३ ची हमी गेली. तेव्हा आपली कमजोरी निवडूनच ठेवा, आणि ती अशी निवडा की तिचा उतारा ठिपकेवाल्या कार्डांवाचून बनत नाही. अकॅडमी पायलटांच्या थव्याला तुम्ही घाबरत असाल तर समोरचा संघ तसे तीन थवे आणू शकतो, त्यांना कोणताच नियम आडवा येत नाही. पण एखाद्या विशिष्ट नामांकित वैमानिकालाच घाबरत असाल, तर तो वैमानिक त्यांच्या संघात एकदाच असणार. तुकडी बांधताना लोक स्वतःच्या ठिपक्यांची वाटणी तासन्‌तास करतात. समोरच्याचे ठिपके मोजणारा मला क्वचित दिसतो.

एक व्यवहारी अडचण उरते: ३, १०, १३ हे आकडे आणायचे कुठून? सरावाच्या लढतींतून. पण एका लढतीचा निकाल फाशांमुळे ६ गुणांनी सहज इकडे-तिकडे होतो असं धरलं, तर चार लढतींच्या सरासरीतही ३ गुणांची अनिश्चितता राहते. आपण ज्या फायद्यासाठी हे सगळं करतोय तो तेवढाच आहे. दीड गुणावर यायला सोळा लढती लागतात. कामधंदा आणि मुलं सांभाळून महिन्याभरात नऊ चौकटींच्या सोळा-सोळा लढती कोणाच्याच होत नाहीत. म्हणून तक्त्यात दशांश लिहू नका. हिरवा, पिवळा, लाल एवढेच रंग भरा. आणि सरावाचा वेळ नऊ चौकटींवर सारखा वाटू नका. लाल चौकट लालच आहे, ती पुन्हा पुन्हा तपासून काय मिळणार? पुढे करायच्या तुकडीच्या ज्या दोन चौकटी तुम्ही हिरव्या धरल्या आहेत, त्यांतली कमी हिरवी खरोखर हिरवी आहे का, एवढंच आधी खेळून पाहा. ती पिवळी निघाली तर ३३ चे ३० होतात, आणि मग तुकडी बदलायला तुमच्याकडे अजून दोन-तीन शनिवार तरी असायला हवेत.