आघातानंतरचे नवे मार्ग : भोपाळचा धडा

संकटाची मोजदाद आपण मृतांची संख्या, पडलेली घरे व बुडालेली पिके यांवरून करतो. परंतु जी माणसे वाचतात, त्यांचे आणखी एक नुकसान होते आणि त्याची नोंद कोणत्याही पंचनाम्यात होत नाही. पुढील आयुष्याविषयी त्यांनी मनाशी मांडलेला हिशेबच पुसला जातो. तो पुन्हा कसा मांडता येतो, हे समजून घेण्यासाठी भोपाळचा अनुभव अभ्यासण्यासारखा आहे.

संकटाचे स्वरूप

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला आणि जवळच्या दाट वस्त्यांवर पसरला. हजारो माणसे मृत्युमुखी पडली, लाखोंना बाधा झाली. या वस्त्यांतील बहुतेक कुटुंबे हमाली, रोजंदारी, विड्या वळणे अशा अंगमेहनतीवर जगत होती. वायूने फुप्फुसे व डोळे यांवर घाला घातला. म्हणजे ज्या शरीराच्या बळावर घर चालत होते, तेच खचले. ओझे उचलणाऱ्या गड्याला चार पावलांत धाप लागू लागली. अशा घरांत कमाईची जबाबदारी पुष्कळदा स्त्रियांवर येऊन पडली.

उंबऱ्याबाहेरचे पाऊल

बाधित स्त्रियांना काम मिळावे म्हणून जी केंद्रे निघाली, त्यांत स्टेशनरी तयार करण्याचे एक केंद्र होते. तेथे १९८६ साली रशीदा बी व चंपादेवी शुक्ल यांची ओळख झाली. एक मुसलमान, दुसरी हिंदू. रशीदा बी तर पडद्यात वाढलेल्या. दुःख समान असल्याने दोघींचे मैत्र जुळले. वेतन अपुरे आहे हे ध्यानी येताच त्यांनी सहकारी स्त्रियांची संघटना उभी केली. १९८९ मध्ये आपले गाऱ्हाणे पंतप्रधानांपुढे मांडण्यासाठी या स्त्रिया भोपाळहून दिल्लीपर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटर पायी चालत गेल्या. वेतनवाढ व थकबाकी पदरी पडण्यास त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ लागला.

याच सुमारास अब्दुल जब्बार यांनी भोपाळ गॅस पीडित महिला उद्योग संगठन उभारले. वायुकांडात त्यांच्या स्वतःच्या कुटुंबाचीही हानी झाली होती. खैरात नको, रोजगार हवा, हे त्यांच्या कार्याचे सूत्र होते. त्यांच्या स्वाभिमान केंद्रात स्त्रियांना शिवणकाम व जरीकाम यांसारखी कौशल्ये शिकविली जात. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले. २०२० साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली.

घेणाऱ्या हातांचे देणारे हात

२००४ मध्ये रशीदा बी व चंपादेवी यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. पुरस्काराची रक्कम एक लक्ष पंचवीस हजार डॉलर होती. ती घरखर्चासाठी न ठेवता त्यांनी चिंगारी ट्रस्ट स्थापन केला. बाधित कुटुंबांत जन्मलेल्या अपंग मुलांना या संस्थेच्या केंद्रात व्यायामोपचार, वाचोपचार व विशेष शिक्षण विनामूल्य दिले जाते. एकेकाळी मदतीच्या रांगेत उभ्या असलेल्या स्त्रिया अशा रीतीने इतरांचा आधार झाल्या.

या अनुभवातून काय शिकावे?

पहिली गोष्ट अशी की, गेलेले स्वप्न जसेच्या तसे परत मिळत नाही. भोपाळच्या कित्येक बाधितांचे आजार आजही सरलेले नाहीत. नवी संधी म्हणजे जुन्या दुःखाचा विसर नव्हे. ते दुःख सोबत घेऊनच ती शोधावी लागते. दुसरी गोष्ट, नुकसानभरपाई आवश्यक असली तरी ती पुरेशी नसते. पैसा खर्च होतो. हाताला लागलेले कसब टिकते. तिसरी गोष्ट, कसबालाही संघटनेची जोड लागते. एकट्या स्त्रीला जे वेतन मागता आले नसते, ते शंभर जणींनी मिळून मागितले.

महाराष्ट्रातही याचे प्रत्यंतर आले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावांत घरदुरुस्तीचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साहाय्याने महिला मंडळांतील स्त्रियांनी संवाद सहायक म्हणून शासन व गावकरी यांच्यातील दुव्याचे काम केले. ज्यांचे घरच पडले होते, त्याच घरबांधणीची माहिती देऊ लागल्या.

अधिकाऱ्यांनी यावरून एवढे ध्यानात घ्यावे की, प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी योजना संपत नाही. तयार मालाला गिऱ्हाईक व कष्टाला रास्त दाम मिळेपर्यंत तिची पाठराखण झाली पाहिजे. शिक्षकांनी आपत्तीत सापडलेल्या घरातील मूल शाळेतून गळणार नाही, याची काळजी वाहावी. आणि ग्रामस्थांनी आपद्ग्रस्ताकडे केवळ दयेने न पाहता, तुम्हाला काय करता येईल, असे त्यास विचारावे. नव्या मार्गाचा आरंभ पुष्कळदा या प्रश्नापासून होतो.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावात अवर्षण, पूर वा अपघात यांमुळे कोणाचा जुना व्यवसाय बंद पडला आहे?
२. त्यांच्या अंगी असलेले कोणते कसब नव्या कामी येईल?
३. त्यांची संघटना उभी राहण्यास ग्रामपंचायत व शाळा कोणते साहाय्य करू शकतील?